लस घेतली, पण ती लागू पडली का?

माझ्या ताईची दवाखान्याची फाइल माझ्याकडे असते. तिचं डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी त्या फाइलीत एक कागद होता. त्यावर 'हिपॅटायटिस बी, तीन डोस पूर्ण' असं लिहून खाली सही केलेली होती. आम्ही निश्चिंत होतो. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी तो कागद वाचला आणि विचारलं, "टायटर केलंत का?" टायटर म्हणजे लसीमुळे रक्तात किती संरक्षण तयार झालं ते मोजणारी तपासणी. ती केली नव्हती. केली तेव्हा आकडा आला ३. संरक्षण मिळालं असं म्हणायला तो निदान १० लागतो. म्हणजे तीन वेळा सुई टोचून घेतलेली माझी बहीण आठवड्यातून तीनदा, जिथे रक्त सतत शरीराबाहेर येतं अशा जागी, जवळजवळ लस न घेतल्यासारखीच बसत होती.

लस खराब नव्हती. देण्यात चूक होती ती मात्रेची. निरोगी माणसाला हिपॅटायटिस बीची २० मायक्रोग्रॅमची मात्रा तीन वेळा दिली की शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना पुरते. डायलिसिसवरच्या माणसाला दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅमची मात्रा लागते आणि डोसही साधारण चार: आज, एका महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत रक्त तपासून लस लागू पडली का ते बघायचं. पडली नसेल तर सगळे डोस पुन्हा द्यायचे. हे सारं ठरलेलं आहे, पुस्तकात लिहिलेलं आहे. फक्त कोणीतरी विचारावं लागतं. ते विचारणारं माणूस बहुतेक वेळा घरचंच असतं, म्हणून हा लेख.

प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसं म्हणजे कोण? ज्यांची किडनी, यकृत किंवा दुसरा अवयव बदलला आहे, ज्यांची केमोथेरपी चालू आहे, ज्यांना रक्ताचा कर्करोग आहे, ज्यांचं बोन मॅरो प्रत्यारोपण झालं आहे. आमवातासाठी, ल्यूपससाठी किंवा आतड्याच्या दाहासाठी मेथोट्रेक्सेट, रिटुक्सिमॅब, इन्फ्लिक्सिमॅब यांसारखी औषधं घेणारे. रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन दोन आठवड्यांहून जास्त काळ घेणारे. एचआयव्ही असलेले, विशेषतः सीडी-४ पेशी २०० च्या खाली असलेले. डायलिसिसवरचे. आणि ज्यांची प्लीहा, म्हणजे पाणथरी, काढली आहे किंवा निकामी झाली आहे ते. मधुमेह आणि वय यांनीही लसीचा जोर थोडा कमी होतो, पण तो वेगळा विषय आहे.

लस स्वतः रोगाशी लढत नाही. ती शरीराला रोगजंतूचा चेहरा दाखवते आणि तालीम शरीर करतं. बी पेशी प्रतिपिंडं बनवायला शिकतात, टी पेशी त्यांना मदत करतात आणि विषाणू शिरलेल्या पेशी ओळखायला शिकतात. आता आखाड्यात पैलवानच कमी असतील तर वस्ताद कितीही चांगला असला तरी तालीम कच्चीच राहणार. प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं मायकोफेनोलेट या पेशींची वाढच रोखतं, कारण नवी किडनी टिकवायची तर ते करावंच लागतं. रिटुक्सिमॅब बी पेशी काही महिन्यांसाठी जवळपास पुसून टाकतं. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात तर प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीच बिघडतात.

अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचं १८ ऑक्टोबर २०२१ रोजी कोविडच्या गुंतागुंतीमुळे निधन झालं. ते ८४ वर्षांचे होते आणि त्यांचं लसीकरण पूर्ण झालेलं होतं. त्या दिवसांत अनेकांनी ही बातमी 'बघा, लस घेऊनही गेले' म्हणून पुढे पाठवली. त्यांना मल्टिपल मायलोमा होता, हे त्या निरोपांत नसायचं. लसीकडून अपेक्षा करताना ती कोणाच्या शरीरात गेली ते आधी बघायला हवं, हे त्या वेळी मला पहिल्यांदा नीट कळलं.

मग कितपत लागू पडते? याचं एकच उत्तर नाही, पण काही आकडे सांगते, कारण 'कमी लागू पडते' असं मोघम ऐकलं की माणसं एकतर घाबरतात किंवा लसच सोडून देतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अवयव बदललेल्या ६५८ जणांना कोविडच्या एमआरएनए लसीचे दोन डोस दिल्यानंतर तपासलं. पहिल्या डोसनंतर फक्त १५ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, दुसऱ्यानंतर ५४ टक्क्यांच्या. म्हणजे जवळपास निम्म्यांच्या रक्तात दोन डोसांनंतरही काही नव्हतं. निरोगी माणसांत हे प्रमाण जवळपास शंभर असतं. पण पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. फ्रान्समधल्या तुलूझच्या डॉक्टरांनी अशाच १०१ रुग्णांना तिसरा डोस दिला, तेव्हा प्रतिपिंडं असलेल्यांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ६८ वर गेलं. या शरीरांना शिकवावं लागतं, पुन्हा शिकवावं लागतं आणि त्यातली बरीच शिकतात.

दुसरा आकडा नागिणीच्या लसीचा. शिंग्रिक्स ही नागिणीची निर्जीव लस २०२३ पासून भारतातही मिळते. पन्नाशीपुढच्या निरोगी माणसांत तिने नागीण ९७ टक्क्यांनी कमी केली. स्वतःच्याच मूळ पेशी परत देऊन केलेल्या प्रत्यारोपणाच्या रुग्णांत तो आकडा ६८ टक्के आला. कोणी म्हणेल, अरे, इतका खाली! मी म्हणते, ज्या माणसाला नागीण होण्याचा आणि झाल्यावर महिनोन्महिने ठणकण्याचा धोका सर्वांत जास्त, त्याच्याबाबतीत दर तीनातल्या दोन नागिणी टळणं ही फार मोठी गोष्ट आहे. लस कमी लागू पडते म्हणून ती न घेणं हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. धोका दुप्पट आणि ढाल अर्धी असेल, तरी ती अर्धी ढाल टाकून कोणी रणात उतरत नाही.

आता कामाची गोष्ट: वेळ. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

उपचार सुरू होण्याआधीची लस ही सर्वांत चांगली लस. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घातलं, केमोची तारीख ठरली, रिटुक्सिमॅब द्यायचं ठरलं, की त्याच भेटीत विचारा, "आधी कोणत्या लसी घेता येतील?" निर्जीव लसी शक्यतो दोन आठवडे आधी झालेल्या बऱ्या, जिवंत लसी निदान चार आठवडे आधी. अर्थात कर्करोगाचा उपचार लसीसाठी लांबवायचा की नाही हे डॉक्टरच ठरवतील, आणि बहुतेक वेळा तो लांबवायचा नसतो. पण किडनीच्या रुग्णाचं प्रत्यारोपण ठरायला महिने लागतात. ते महिने वाया जाऊ देऊ नका. आम्ही घालवले होते.

रिटुक्सिमॅबचं गणित वेगळं आहे. ते दिल्यानंतर साधारण सहा महिने बी पेशी फार कमी असतात. त्या काळात घेतलेल्या लसीची प्रतिपिंडं नीट तयार होत नाहीत. म्हणून आजार काबूत असेल तर पुढचा डोस देण्याच्या थोडं आधी लस घ्यायची आणि रिटुक्सिमॅब लसीनंतर निदान दोन आठवड्यांनी द्यायचं, असं संधिवाततज्ज्ञ सुचवतात. फ्लूची लस मात्र हंगाम दारात असेल तर थांबू नये. प्रतिपिंडं झाली नाहीत तरी टी पेशींना थोडी तालीम मिळतेच.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक उपयोगाचा अभ्यास कोरियात झाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आमवाताच्या रुग्णांनी फ्लूची लस घेतल्यावर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलं, तेव्हा त्यांच्यातल्या सुमारे ७६ टक्क्यांना चांगला प्रतिसाद मिळाला. ज्यांनी गोळी चालू ठेवली त्यांच्यात तो ५५ टक्के होता. ब्रिटनमधल्या अभ्यासात कोविडच्या बूस्टरनंतरही असंच दिसलं, प्रतिपिंडं साधारण दुप्पट झाली. आठवड्याच्या दोनच गोळ्या चुकवल्या आणि इतका फरक! पण हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. सांधे पुन्हा सुजू शकतात, आणि ते थांबवता येतं का हे आजार किती शांत आहे त्यावर ठरतं. प्रत्यारोपणाची औषधं आणि स्टिरॉइड तर लसीसाठी कधीच आपणहून बंद करायची नाहीत. अवयव गमावला तर लस काय कामाची?

प्रत्यारोपणानंतर फ्लूची लस साधारण महिन्याभराने घेता येते, बाकीच्या निर्जीव लसी तीन ते सहा महिन्यांनी. बोन मॅरो प्रत्यारोपणात मात्र पाटी कोरी होते. लहानपणी घेतलेल्या लसींची आठवणही पुसली जाते. चाळिशीच्या माणसाला धनुर्वात, पोलिओ, न्यूमोकॉकस, हिपॅटायटिस बी सगळं बाळासारखं पहिल्यापासून घ्यावं लागतं. काही केंद्रांत याचं वेळापत्रक छापून देतात. तुम्हाला दिलं नसेल तर मागून घ्या.

फ्लूबद्दल महाराष्ट्रात एक गोष्ट लक्षात ठेवायची. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, आणि लस घेतल्यापासून शरीर तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे हा चांगला काळ. ती दर वर्षी घ्यायची, गेल्या वर्षीची या वर्षी चालत नाही. न्यूमोकॉकसच्या लसीचे प्रकार आता बदलत आहेत. कोणता आणि किती डोस, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता ज्या लसींपासून लांब राहायचं त्या. काही लसींत जंतू जिवंत असतात, फक्त दुबळे केलेले. निरोगी शरीर त्यांना सहज आवरतं. दबलेली प्रतिकारशक्ती त्यांना आवरू शकत नाही आणि लसच आजार होऊन बसते. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, बीसीजी, तोंडाने द्यायचा पोलिओ, पिवळ्या तापाची लस, नाकात फवारायची फ्लूची लस, ही अशा लसींची नावं. पिवळ्या तापाची लस आफ्रिकेतल्या काही देशांत जाण्यासाठी सक्तीची असते. ती घेता येत नसेल तर डॉक्टरांकडून सूट मिळाल्याचं पत्र घ्यावं लागतं. आपल्याकडे एक वेगळी फसगत होऊ शकते: हिपॅटायटिस ए आणि जपानी मेंदूज्वर या दोन्हींच्या जिवंत आणि निर्जीव अशा दोन्ही तऱ्हेच्या लसी भारतात आहेत. 'कावीळ एची लस द्या' एवढंच सांगितलं तर कुठली मिळेल ते सांगता येत नाही. म्हणून टोचण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, "ही लस जिवंत आहे का?" विचारण्यात काही लाज नाही. केमो संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी, जास्त स्टिरॉइड बंद झाल्यावर महिन्याभराने जिवंत लसींचा विचार होऊ शकतो. एचआयव्हीत औषधोपचाराने सीडी-४ पेशी २०० च्या वर स्थिर आल्या की गोवर आणि कांजिण्यांची लसही देता येते. आधी औषध नीट सुरू करा, लसींचा उपयोगही त्यानेच वाढतो.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. आई गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब घेत असेल तर ते औषध वारेतून बाळापर्यंत जातं आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहतं. आपल्याकडे बीसीजी बाळाला जन्मल्या जन्मल्या टोचतात. ब्रिटनमध्ये अशा एका बाळाचा बीसीजीचे जंतू शरीरभर पसरून मृत्यू झाला, हे २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं. प्रसूतीच्या वेळी ड्यूटीवरच्या परिचारिकेला तुमच्या आतड्याच्या आजाराचं औषध माहीत असेलच असं नाही. बाळाच्या बीसीजीबद्दल डॉक्टरांशी सातव्या-आठव्या महिन्यातच बोला, फाइलीवर लाल शाईने लिहून घ्या. किमान सहा महिने ती पुढे ढकलतात. बाकीच्या निर्जीव लसी बाळाला वेळेवरच द्यायच्या.

रुग्णाची लस अर्धी लागू पडत असेल तर उरलेलं काम घरच्यांनी करायचं. नवरा, मुलं, सून, स्वयंपाकाच्या मावशी, ज्यांचा रोज जवळून संबंध येतो त्यांनी फ्लूची लस दर वर्षी घ्यावी. घरातल्या मुलांना गोवर आणि कांजिण्यांची लस द्यायला हरकत नाही, उलट ती द्यायलाच हवी. कांजिण्यांच्या लसीनंतर मुलाच्या अंगावर पुरळ आलं तर ते जाईपर्यंत त्याला रुग्णापासून लांब ठेवा, एवढंच. पोलिओच्या थेंबांचं मात्र वेगळं आहे. त्या थेंबांतला विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. घरात प्रतिकारशक्ती फार दबलेला माणूस असेल तर बाळाला सुईची पोलिओ लस द्यावी का, हे बालरोगतज्ज्ञांना आधीच विचारा, आणि रुग्णाने दुपटी बदलू नयेत. बाळाला पोलिओची लस न देणं हा मात्र पर्याय नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न महाराष्ट्रात कुठल्याही गावाला नवा नाही. तुमची प्रतिकारशक्ती कमी असेल आणि कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात पहिल्या वाक्यात सांगा, "माझी किडनी बदललेली आहे" किंवा जे असेल ते. कारण तुमच्यासाठी नियम वेगळे आहेत. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिन, लागतं, पूर्वी रेबीजची लस घेतली असली तरी लागतं. आणि लस कातडीत न टोचता स्नायूत, पूर्ण डोसांनी द्यायची असते. सरकारी दवाखान्यात बहुतेक वेळा कातडीत टोचतात. निरोगी माणसाला ती पुरते. तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना कळणार नाही.

तसंच घरात किंवा शेजारी गोवर, कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोवरासाठी सहा दिवसांच्या आत, कांजिण्यांसाठी लवकरात लवकर आणि फार तर दहा दिवसांत तयार प्रतिपिंडं देता येतात. 'बघू, अंगावर येतं का' म्हणून थांबलात तर ती वेळ निघून जाते.

पाणथरी नसलेल्यांसाठी दोन शब्द. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल असलेली कितीतरी घरं आहेत, आणि सिकलसेलमध्ये पाणथरी लहानपणीच निकामी होते. न्यूमोकॉकसची लस देशभरच्या बाळांच्या लसीकरणात २०२१ मध्ये आली. त्याआधी जन्मलेल्यांना ती सहसा मिळालेली नाही. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या तीन लसींबद्दल विचारा. पाणथरी काढायची तारीख ठरली असेल तर दोन आठवडे आधी त्या घ्या. आणि लसी झाल्या असल्या तरी थंडी वाजून ताप आला की सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जा.

शेवटी तपासणीचा एक घोळ सोडवते. हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या नावाने जवळजवळ सारख्या आहेत. एचबीएस-एजी ही आजार आहे का ते सांगते. अँटी-एचबीएस ही लस लागू पडली का ते सांगते. पहिलीचा 'निगेटिव्ह' अहवाल हातात घेऊन आपण सुरक्षित आहोत असं समजणारे रुग्ण मी डायलिसिसच्या बाहेरच्या बाकावर कितीदा पाहिले. तुम्हाला दुसरी हवी आहे, आकड्यासह. आणि लस घेतल्यावर तीन आठवडे पहिली तपासणी करू नका, लसीमुळेच ती तात्पुरती पॉझिटिव्ह येऊ शकते. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हातावर लस टोचू देऊ नका, आणि ती दंडातच घ्या, कुल्ल्यात नको, तिथे ती कमी लागू पडते. कोविडनंतर अनेक प्रयोगशाळा प्रतिपिंडांची पॅकेजं विकायला लागल्या. त्यातला आकडा बघून मास्क काढायचा की नाही हे ठरवू नका, त्याला हिपॅटायटिस बीसारखी ठरलेली रेघ नाही.

आज संध्याकाळी घरातल्या रुग्णाची फाइल काढा. पहिल्या पानावर लिहा: कोणती लस, कोणत्या तारखेला, कोणत्या मात्रेने, आणि हिपॅटायटिस बीचं टायटर किती. जिथे जागा रिकामी राहील तो पुढच्या भेटीचा पहिला प्रश्न.

ताईचं टायटर दुप्पट मात्रेच्या चार डोसांनंतर ६४ आलं. पुढे तिला किडनी मिळाली. आता दर वर्षी आम्ही तिचं टायटर करतो. गेल्या वर्षी ते १० च्या खाली गेलं, आणि त्याच आठवड्यात तिने आणखी एक डोस घेतला.